पऱ्हाटीचा कोळसा दळताना छातीत काय जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या शेतकरी गटाने दोन हंगाम पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, खड्ड्यात जाळून बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा, केला आणि स्वतःच्या शेतात टाकला. आता गटाने पल्व्हरायझर, म्हणजे दळणयंत्र, घेतला आहे. टिनाच्या शेडमध्ये कोळसा दळायचा, चाळायचा, पोत्यांत भरून विकायचा. एका व्यापाऱ्याने सांगितलं की ‘नॅनो बायोचार’ केला तर भाव जास्त मिळेल. दळणाच्या कामावर सहा बाया आहेत, संध्याकाळी त्यांना काळा बेडका पडतो, आणि त्यातल्या एकीला तीन आठवड्यांपासून रात्री खोकला उठतो. हे धोक्याचं आहे, की चुलीच्या काजळीसारखं अंगवळणी पडेल, असं तुम्ही विचारलं आहे.

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर. वीसहून अधिक वर्षं विदर्भातच काम करतो. जिनिंगमध्ये रुई उपसणारे, गिट्टी खदानीवरचे, राइस मिलमधले आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाया हेच माझे रोजचे पेशंट. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. मातीत मिसळून गेलेल्या बायोचारची मला काळजी नाही. शेडमध्ये कोरडा कोळसा दळण्याची आहे, आणि फार आहे. ते दळण आज बंद करा. नॅनोचा विचार सोडून द्या. कोळसा जाड ठेवा आणि ओला ठेवा. आता हे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं तरच गटातली माणसं ऐकतील.

काळ्या बेडक्यापासून सुरुवात करू. त्याने तुम्ही घाबरलात, पण तो फुप्फुसाची सफाई चालू असल्याची खूण आहे. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अगदी बारीक रोम असतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा थर असतो. रोम सतत हलत राहतात आणि तो थर घशाकडे ढकलत नेतात. त्यात अडकलेला कण आपण खाकरून टाकतो नाहीतर गिळतो. म्हणजे बेडक्यात जो काळेपणा दिसतो तो मुख्यतः जाड कणांचा, नाकात, घशात आणि मोठ्या नळ्यांत अडकलेल्यांचा. त्याहून बारीक कण पुढे जातात, जिथे हे रोमच नाहीत. काम थांबल्यावर दोन दिवसांत बेडका पांढरा होतो आणि बाई म्हणते, गेलं सगळं. वर आलं ते गेलं. खाली उतरलं ते तिथेच आहे.

खाली म्हणजे वायुकोशांत. फुप्फुसात असे कोश तीस ते पन्नास कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर सत्तर ते शंभर चौरस मीटर जागा व्यापतील. कोशातली हवा आणि शेजारून वाहणारं रक्त यांच्यामधला पडदा एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो, कारण प्राणवायूला तिथून पलीकडे जायचं असतं. इतक्या नाजूक जागी झाडलोट करायला फक्त भक्षक पेशी असतात. त्या कण गिळतात आणि पचवायचा प्रयत्न करतात. जंतू पचतो, कोळसा पचत नाही. मग त्या पेशी तो पोटात घेऊन हळूहळू वरच्या नळ्यांकडे सरकतात किंवा लसीका ग्रंथींत जाऊन बसतात. या कामाला महिने लागतात, कधी वर्षं. रोजची आवक या वेगापेक्षा जास्त झाली की साठा वाढत जातो. भरलेल्या पेशी थकतात, फुटतात, सूज आणणारी रसायनं सोडतात. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे जाळीदार व्रण पडतो, आणि व्रण पडलेला कोश पुन्हा फुगत नाही. कोळसा खाणीतल्या कामगारांच्या न्यूमोकोनिओसिसचा, म्हणजे धुळीने फुप्फुसात व्रण पडण्याच्या आजाराचा, मार्ग हाच. लाकडी कोळशाच्या धुळीने झालेल्या अशाच आजाराच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

आता ‘नॅनो’ या शब्दाकडे. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर. १०० नॅनोमीटरहून लहान कणाला नॅनो म्हणतात. लोकांना वाटतं, कण जितका लहान तितका तो सरळ आत जाऊन सरळ बाहेर येत असेल. तसं होत नाही. पाच-दहा मायक्रॉनचे कण नाक-घशात आणि मोठ्या नळ्यांत आदळून अडकतात. एक ते तीन मायक्रॉनचे बरेचसे वायुकोशांपर्यंत पोहोचून तिथे बसतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे पुष्कळसे खरोखरच श्वासाबरोबर परत बाहेर पडतात. पण त्याहून बारीक झाले की चित्र उलटतं. वीसेक नॅनोमीटरचा कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतो आणि कोशाच्या भिंतीला जाऊन चिकटतो. श्वासातून गेलेल्या अशा कणांपैकी निम्म्याच्या आसपास वायुकोशांतच राहतात. फुप्फुसातल्या सगळ्यात नाजूक जागी सगळ्यात जास्त राहणारे कण हेच.

दुसरं गणित पृष्ठभागाचं. दहा मायक्रॉनचा कोळशाचा एक दाणा फोडून शंभर नॅनोमीटरचे तुकडे केले तर दहा लाख तुकडे होतात. वजन तेवढंच राहतं, पण पृष्ठभाग शंभर पट वाढतो. पेशीला त्रास होतो तो पृष्ठभागाचा. त्यावर अपुऱ्या ज्वलनातली बहुचक्री कार्बनी संयुगं चिकटलेली असतात, धातूंचे अंश असतात, आणि कोळसा होतानाच तयार झालेले दीर्घकाळ टिकणारे मुक्त मूलक, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, असतात. बायोचारचा पृष्ठभाग मोठा म्हणून तो जमिनीत खत धरून ठेवतो, हे तुम्ही गटाला अभिमानाने सांगता आणि ते बरोबरच आहे. छातीत नेमका तोच गुण आपल्यावर उलटतो. ज्या भोकांत जमिनीत नत्र बसतो, त्याच भोकांत बसून ही संयुगं पेशीपर्यंत पोहोचतात.

म्हणूनच नुसतं वजन मोजून चालत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, निऑशने, २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. साध्या बारीक पुडीला घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, आणि त्याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म पुडीला ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ एकच, आकार बदलला तर मर्यादा आठपट कडक. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन ब्लॅकला, म्हणजे टायर आणि शाईत जातो त्या काजळीला, घनमीटरला ३.५ मिलिग्रॅमची मर्यादा होती. बायोचारच्या नावाने तिथे ओळ नव्हती, आणि शेतातल्या शेडपर्यंत कारखाना निरीक्षक येतही नाही. तुमच्या बायांची राखण तुम्हालाच करायची आहे.

खुद्द बायोचारवर काय दिसलं आहे? २०१७ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या बायोचारची पूड प्रयोगशाळेत पेशींवर टाकून पाहिली. मात्रा वाढली तशी पेशींना इजा झाली. त्यात चिकटलेल्या रसायनांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, कणाचं कणपण आणि त्याचा आकार कारणीभूत असावा असं त्यांना आढळलं. त्याआधी, २०१६ मध्ये, वाऱ्याच्या बोगद्यात केलेल्या प्रयोगांतून असं दिसलं की कोरड्या वालुकामय मातीत बायोचार मिसळला तर वाऱ्यात बारीक धूळ वाढते. वाळूचे उडते दाणे कोळशाच्या तुकड्यांवर आपटतात आणि त्यांची आणखी पूड करतात. म्हणजे तुम्ही दळलं नाही तरी कोरडा कोळसा वाऱ्यात स्वतःच थोडा दळला जातो. ही गोष्ट शेतात टाकण्याच्या वेळेशी जोडलेली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

कार्बनच्या कणाचं माणसात काय होतं हे इतर अभ्यासांतून आपल्याला चांगलं माहीत आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात निरोगी मुलांच्या बेडक्यातल्या भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांच्या पोटातला काळा भाग मोजला. २००६ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ज्या मुलांच्या पेशींत काळेपणा जास्त, त्यांची फुंकण्याची ताकद कमी. ही मुलं खाणीत गेली नव्हती, फक्त रस्त्याच्या धुरात वाढत होती. २०१७ मध्ये एडिनबरात स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनो कण श्वासातून दिले, कारण सोनं शरीरात ओळखायला सोपं. ते कण रक्तात आणि लघवीत सापडले, तीन महिन्यांनंतरही सापडले, आणि तीस नॅनोमीटरच्या कणांपेक्षा पाच नॅनोमीटरचे जास्त सापडले. म्हणजे पुरेसा बारीक कण फुप्फुसाचा पडदा ओलांडतो. हवेतल्या बारीक कणांचा हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशी संबंध लागतो, त्याचं एक कारण हे मानलं जातं.

कर्करोगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गटात कोणीतरी विचारेलच. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅक ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ या गटात ठेवला आहे. त्यामागे मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग आहेत, आणि तेही फुप्फुस धुळीने ओसंडून जाईल इतक्या मात्रेचे. स्फटिकी सिलिका (वाळू-गारेतलं खनिज) आणि बेन्झोपायरिन (मघाच्या बहुचक्री कार्बनी संयुगांपैकी एक) ही दोन नावं मात्र पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग करणारी म्हणून ठरलेली. बेन्झोपायरिन अर्धवट जळलेल्या काडीतून येतं. म्हणून खड्डा कसा पेटवता यालाही महत्त्व आहे. ज्वाला वरून सतत चालू असेल तर खालून येणारा धूर ज्वालेतच जळतो. ओली पऱ्हाटी टाकली किंवा एकदम मोठा भारा टाकून ज्वाला दाबली, की पांढरा-पिवळा धूर निघतो आणि त्यातलं डांबर परत कोळशावर बसतं. असा कोळसा ओळखायची एक सोपी रीत आहे. विझवून थंड झालेला तुकडा बोटांत चोळा आणि नुसत्या पाण्याने हात धुवा. काळेपणा पाण्याने निघून गेला तर काम ठीक झालं. हाताला तेलकटपणा राहिला, साबण लागला, डांबराचा वास आला, तर तो कोळसा दळू तर नकाच, पुढच्या खड्ड्यात पुन्हा पेटवा. पऱ्हाटीच्या भाऱ्यात ठिबकच्या नळ्यांचे आणि मल्चिंगच्या पन्नीचे तुकडे गुंतलेले असतात, ते आधी काढा.

सिलिकाची गोष्ट कच्च्या मालावर ठरते. पऱ्हाटीत आणि तुराटीत ती फार नसते. पण पऱ्हाटी मुळासकट उपटली की मुळांना माती येते, ती झटकून घ्या. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका, तुलनेने कमी, एवढा दिलासा आहे. भंडारा-गोंदियाकडच्या कोणी धानाच्या तुसाचा बायोचार करायचं म्हटलं तर माझं उत्तर जास्त कडक असतं. तुसाच्या राखेचा बहुतांश भाग सिलिकाच असतो. भट्टी सातशे-आठशे अंशांच्या पुढे तापली तर ती सिलिका स्फटिकी व्हायला लागते, आणि मग ती धूळ कोळशाची न राहता सिलिकोसिसची, म्हणजे सिलिकाने फुप्फुसात व्रण पाडणाऱ्या आजाराची, होते. तुसाचा कोळसा कोरडा दळण्याला मी कोणत्याही परिस्थितीत हो म्हणणार नाही.

एक पेशंट सांगतो. चाळिशीचा माणूस, लाकडी कोळशाच्या वखारीत अकरा वर्षं पोती भरायचा. धाप लागते म्हणून आला तेव्हा पिशवीत टीबीच्या गोळ्यांची जुनी पाकिटं होती. दोनदा पूर्ण कोर्स झाला होता आणि बेडक्यात जंतू एकदाही सापडला नव्हता. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके होते, ते पाहून टीबी धरला गेला. काय काम करता, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही ‘मजुरी’ एवढंच सांगितलं होतं. मी विचारल्यावर त्याने तळहात पुढे केले. रेषांमध्ये काळं कोरून बसलेलं होतं, चार महिने काम सोडूनही निघालं नव्हतं. आज तो घरात चालतो फिरतो, पण पाण्याची कळशी उचलून आणू शकत नाही. व्रण पडलेलं फुप्फुस परत आणणारं औषध माझ्याकडे नाही. म्हणून तुमच्या बायांना डॉक्टरकडे पाठवाल तेव्हा कागदावर लिहून द्या: ‘कोळसा दळण्याचं काम, इतके महिने, शेडमध्ये.’ या एका ओळीने निदान बदलतं.

तुमच्या शेडसारखी एक शेड मी पाहिली आहे. दळणयंत्र बंद होऊन तासभर झाला होता आणि मालक म्हणाला, धूळ बसली सगळी. मी शिडीवर चढून छताखालच्या लोखंडी कैचीवरून बोट फिरवलं. बारा फुटांवर बोट मऊ काळ्या पुडीने भरलं, मेणासारखी गुळगुळीत पूड. बायांच्या पाण्याच्या माठावर ताट झाकलेलं होतं, पण ताट उचललं तर खालच्या पाण्यावरही पातळ काळी साय होती. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठेक मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा साधारण बारा तास. शंभर नॅनोमीटरचा कण वीसेक दिवस. प्रत्यक्षात नॅनो कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्यामुळे काही लवकर बसतात. पण ‘धूळ बसली’ असं डोळ्यांना वाटतं तेव्हा फक्त जाड धूळ बसलेली असते. सकाळी शेड उघडून केरसुणी मारणाऱ्या बाईला रात्रभर तरंगलेली आणि बसलेली दोन्ही मिळते.

साध्या पल्व्हरायझरमधून निघणाऱ्या पुडीत वजनाने नॅनो कण फार थोडे असतात, हेही सांगायला हवं. पण पऱ्हाटीचा कोळसा ठिसूळ आणि भोकाभोकांचा, फुटतो तेव्हा कडा झडतात. वजनाने नगण्य असलेले ते कण संख्येने मात्र प्रचंड असतात. आणि खरा ‘नॅनो बायोचार’ करायचा तर बॉल मिल लागते, जिच्या डब्यात गोळ्यांखाली कोळसा तासन्‌तास कुटला जातो. तो डबा कोरडा उघडण्याचा क्षण सगळ्यात वाईट. प्रयोगशाळांत ते काम बंद पेटीत, हवा ओढून घेणाऱ्या व्यवस्थेखाली, नाहीतर पाण्यात करतात. तुमच्या टिनाच्या शेडमध्ये ते करू नये. आणि कशासाठी करायचं? दूषित पाणी गाळायला नॅनो बायोचारचा उपयोग होतो, त्यावर चांगलं संशोधन चालू आहे. तुमच्या कापसाच्या शेतात पाणी धरायला वाटाण्याएवढा तुकडा पुरतो, उरलेलं काम पाऊस, मुळं आणि नांगर करतात. पिशवीवर ‘नॅनो’ छापल्याने मिळणारा जादा भाव त्या सहा बायांच्या श्वासातून वसूल होणार असेल, तर तो घेऊ नका. नॅनो युरिया बाटलीत द्रवरूप येतो, त्याची तुलना कोरड्या पुडीशी करू नका. आणि कोणी बायोचारचं नॅनो द्रावण ड्रोनने फवारायला सांगितलं, तर हे लक्षात घ्या की उन्हात थेंब हवेतच सुकतो आणि आतला कण मोकळा होतो.

२०१७ च्या फवारणीच्या मोसमात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. हातमोजे आणि मास्कची चर्चा त्यानंतर सुरू झाली. कोळशाच्या धुळीत माणूस असा चार दिवसांत पडत नाही. तिला दहा-वीस वर्षं लागतात, आणि म्हणून कोणी मोजत नाही. मला हे आधी बोलायचं होतं.

आता काम कसं करायचं ते. कोळसा खड्ड्यात पाण्याने विझवता, तेव्हापासून तो पुन्हा कोरडा होऊच देऊ नका. विझवताना वाऱ्याकडे पाठ करून, खड्ड्यापासून लांब उभं राहून पाणी टाका. वर येणाऱ्या वाफेत राखही असते आणि कार्बन मोनॉक्साइडही. ताजा कोळसा बंद खोलीत साठवून त्याच खोलीत कोणी झोपू नये. तो आतून तापून पेटतोही आणि कार्बन मोनॉक्साइडही सोडतो. बारीक करायचाच असेल तर ओला कोळसा पोत्यांत भरा, पोती ताडपत्रीवर पसरा आणि वरून ट्रॅक्टरचं चाक दोन-तीनदा न्या. पल्व्हरायझरच्या पैशाचा हिशोब मला कळतो, पण हे काम जवळपास फुकट होतं. मग ते शेण-गोमूत्राच्या काल्यात किंवा जीवामृतात बुडवून ठेवा, शेणखतात मिसळा. कोळसा असा ‘भरलेला’ असला की जमिनीलाही लवकर लागू पडतो, तुम्ही ते करताच. विकायचा असेल तर दमट, जाड, शेणखतात मिसळलेलाच विका. पोत्यावर लिहा, ‘ओला आहे, ओलाच ठेवा’. पाण्याचं वजन गिऱ्हाईक मोजतो ही अडचण खरी आहे. पोत्याचा भाव घनफुटावर ठरवा.

शेतात टाकताना एप्रिल-मेच्या उन्हाळी वाऱ्यात कधीच फेकून टाकू नका. पहिला पाऊस पडल्यावर, सरीत, मातीआड. फेकणाऱ्या माणसाच्या तोंडासमोरून काळा ढग जातोय म्हणजे कोळसा कोरडा आहे.

मास्कबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा शेला, ओला केला तरी, बारीक कण अडवत नाही. हॉस्पिटलचा निळा मास्क कडेने हवा ओढतो. एन-९५ किंवा एफएफपी-२ अडवतो, आणि नॅनो कणही बऱ्यापैकी अडवतो. कारण सैरावैरा फिरणारे ते कण गाळणीच्या धाग्यांना जाऊन चिकटतात आणि धाग्यांवर विद्युतभारही असतो. घेताना त्यावर आयएस ९४७३ चा उल्लेख आहे का पाहा. घातल्यावर दोन्ही ओंजळींनी झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली तर बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. पण खरं सांगतो, मेमध्ये चव्वेचाळीस अंशांत टिनाखाली चार तास असा मास्क कोणी घालून ठेवत नाही. घाम येतो, धाप लागते, तासाभरात तो गळ्यात येतो. म्हणून तुमची सगळी योजना मास्कवर उभी राहिलेली मला नको आहे. ओलं काम हा खरा उपाय, मास्क उरल्यासुरल्यासाठी.

शेड सध्या जशी आहे ती आधी पाण्याने धुऊन घ्या. कोरडी केरसुणी नको, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. कैच्यांवरची पूड ओल्या फडक्याने पुसा, हे काम करणाऱ्याला मास्क हवाच. कोळशाची बारीक पूड हवेत दाट झाली आणि ठिणगी मिळाली तर भडका उडतो, यासाठीही ती पुसायला हवी. कामाचं लुगडं वेगळं ठेवा आणि ते तिथेच धुवायची सोय करा. घरी जाऊन अंगणात झटकलेल्या लुगड्याची धूळ तान्हं मूल घेतं. तुमच्या बायांपैकी कोणी गरोदर असेल, कोणाला दमा असेल किंवा आधी टीबी होऊन गेला असेल, तर तिने कोरड्या कोळशाजवळ थांबू नये. बहुतेक जणींच्या छातीत वीस-तीस वर्षांचा चुलीचा धूर आधीच आहे. विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या बायांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो तो मुख्यतः त्यामुळे, आणि ही धूळ त्याच हिशोबात वर जमा होते. ‘चुलीची सवय आहे’ म्हणून चालेल, असं म्हणूच नका.

सहाही जणींची एकदा फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि छातीचा फोटो करून घ्या. आज सगळं नॉर्मल येण्याचीच शक्यता जास्त आहे. तरीही कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा आकडा कशाशी ताडायचा, ते या कागदावर ठरतं. दर वर्षी हंगाम संपला की तीच तपासणी, शक्यतो त्याच यंत्रावर.

ज्या ताईंना तीन आठवडे रात्रीचा खोकला आहे, त्यांच्यासाठी थांबू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की आपल्या देशात टीबीसाठी बेडका तपासायचा असतो. सरकारी दवाखान्यात तो फुकट तपासतात. बेडका दोन वेळा द्या, सकाळचा एक नक्की. तो निगेटिव्ह आला तर स्पायरोमेट्रीत दमा आहे का ते दिसेल. रात्री उठणारा खोकला पुष्कळदा दम्याचा असतो, आणि धुळीने भडकलेला दमा इनहेलरने चांगला आटोक्यात येतो. त्यांना आजपासूनच कोरड्या कोळशापासून दूर ठेवून काला कालवायच्या ओल्या कामावर घ्या आणि रोजी तीच ठेवा. रोजी कमी होणार असं वाटलं तर त्या खोकला लपवतील. रिपोर्ट आले की मला कळवा, फोटोची मूळ फिल्म पाठवा, मोबाइलवर काढलेला फोटो नको.